पालीचे दूरशिक्षण : तयारी कोणाची मोजावयाची?

विद्यापीठीय विद्यार्थी आंतरजालावरून शिकण्यास कितपत सिद्ध आहे, हे मोजणारी एक श्रेणी तैवानमधील हंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडली. स्वयंअध्ययन, प्रेरणा, अध्ययनावरील नियंत्रण, संगणक हाताळण्याचा आत्मविश्वास आणि जालावरील संवादाचा आत्मविश्वास ही तिची पाच अंगे. सर्वसाधारण अध्ययनापुरती ती ठीक आहे. पालीला लावू गेल्यास मात्र तिच्यातील उणीव ध्यानात येते : तीत कानाला स्थान नाही.

नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघरचा एखादा विद्यार्थी घ्या. घाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख त्याच्या गावाजवळच आहे. तो लेख बौद्ध नव्हे, त्यात यज्ञांच्या दक्षिणांची नोंद आहे. पण भाषा प्राकृत, म्हणजे पालीची भगिनीच. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील दानलेखांत ‘देयधम’ असे कोरलेले आढळते. पालीत हाच शब्द ‘देय्यधम्म’. कोरणाऱ्याने गाळलेले द्वित्त वाचणाऱ्याने मुखाने भरावयाचे असते. देवनागरीतही अडचण सुटत नाही. ‘मेत्ता’, ‘ओट्ठ’ यांतील ए-ओ जोडाक्षरापूर्वी ऱ्हस्व होतात. लिपी हा भेद दाखवीत नाही आणि संस्कृत शिकून आलेला विद्यार्थी ते दीर्घच उच्चारतो. ध्वनिमुद्रण त्याला शुद्ध उच्चार ऐकवील, पण त्याचा उच्चार ऐकणार कोण? 2020 च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांचे ध्वनिक्षेपक बंदच असत. हजेरी मात्र पूर्ण!

ग्रंथांची अडचण आता उरलेली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. धर्मानंद कोसंबींना पालीसाठी 1902 मध्ये सिंहलद्वीप गाठावे लागले. आज विपश्यना विशोधन विन्यासाने सिद्ध केलेले छट्ठसंगायनाचे तिपिटक देवनागरीत विनामूल्य उपलब्ध आहे. बाबासाहेबांनी परिश्रमपूर्वक तयार केलेले पाली व्याकरण व कोशही त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर नवे अभ्यासक्रम निघतील, प्रमाणपत्रेही वाटली जातील.

अशा प्रत्येक अभ्यासक्रमाला प्रथम एकच प्रश्न विचारावा : आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे पठण शिक्षक किती मिनिटे ऐकतो? विद्यार्थ्याची प्रश्नावली त्यानंतर भरून घ्यावी. व्याकरण, शब्दरूपे, भाषांतर हे सारे जालावर खुशाल शिकवावे. पठणाचा तास मात्र समोरासमोर हवा, मग घाटघरहून जुन्नरला यावे लागले तरी चालेल. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तो सहज घेता येईल; त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही, पाली ऐकून दुरुस्त करणारा एक शिक्षक लागतो.