मुलाच्या हाती लागू नयेत अशी पत्रं

मंडळी, आज ज्या पुस्तकावर बोलायचंय ते मला आवडतं, पण त्याच्याशी माझं भांडणही आहे. सर फ्रेडरिक पॉन्सन्बी यांनी १९२८ साली संपादित केलेली सम्राज्ञी फ्रेडरिकची पत्रं.

ही सम्राज्ञी म्हणजे राणी व्हिक्टोरियाची थोरली लेक, घरातली विकी. १८५८ साली, सतरा वर्षांची असताना, लग्न होऊन प्रशियाला गेली. तेव्हापासून १९०१ मध्ये राणी वारली तोपर्यंत मायलेकींनी एकमेकींना सात हजारांवर पत्रं लिहिली. विकीचा नवरा सम्राट झाला आणि ९९ दिवसांत गेला. त्याच दिवशी मुलाने, म्हणजे दुसऱ्या विल्हेल्मने, कागदपत्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून राजवाड्याला सैनिकांचा वेढा घातला. आईच्या घराला, बरं का!

हे ती विसरली नाही. १९०१ च्या फेब्रुवारीत, कर्करोगाने जर्जर झालेली असताना, तिने पॉन्सन्बींना आपली पत्रं गुपचूप इंग्लंडला न्यायला सांगितलं. त्यांना वाटलं, एखादं पुडकं असेल. रात्री एकच्या सुमाराला चार माणसं दोन मोठाल्या पेट्या घेऊन दारात! एकीवर 'पुस्तकं' आणि दुसरीवर 'चिनी मातीची भांडी' असं लिहून त्यांनी त्या नेल्या.

आता भांडण. पत्रं छापावीत ही तिचीच इच्छा होती, असं पॉन्सन्बींचं म्हणणं. असेलही. पण त्यांनी त्या पेट्यांतून वकिलाची फाइल तयार केली. बिस्मार्क, नवऱ्याच्या घशाचं दुखणं, मुलाचा उद्धटपणा, सगळं बचावाच्या कामाचं. मधली निवेदनं चोख आहेत, ते मान्य. पण आईला लिहिणारी मुलगी त्यात फार थोडी सापडते.

ती सापडते १९६४ साली, रॉजर फुलफर्ड यांच्या 'डिअरेस्ट चाइल्ड'मध्ये. गरोदर विकी अमर आत्म्याला जन्म देण्याचा अभिमान वाटतो असं लिहिते, आणि राणी उत्तर देते की अशा वेळी मला तर आपण गाईसारख्या, कुत्रीसारख्या वाटतो. हे कुठल्याच खटल्यात पुरावा म्हणून चालणार नाही, आणि मला मात्र तेच वाचायचंय.

गंमत म्हणजे, १९२८ च्या पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीला प्रस्तावना खुद्द विल्हेल्मची आहे. आई फार हळवी होती, तिचं सगळंच खरं धरू नका, अशा अर्थाची! ज्याच्या हाती पत्रं पडू नयेत म्हणून पेट्या रात्री हलवल्या, तोच वाचकाला दारात उभा. तेव्हा आधी फुलफर्ड वाचा, पॉन्सन्बी नंतर.