साधी की जबर

भांडणाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला लवकरच विचारतात, ‘लागलं कुठे?’ गालावर वळ, फुटलेला ओठ, खरचटलेले कोपर एवढेच असेल तर बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मनगटाचे हाड मोडले असेल तर चित्र पालटते. गुन्हा दखलपात्र होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. साध्या आणि जबर दुखापतीमधली ही रेघ ज्या कलमाने ओढली ते जुन्या भारतीय दंड संहितेतले 320 वे. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 116 व्या क्रमांकावर आहे. कायद्याचे कलम सहसा कोणी चवीने वाचत नाही. हे मात्र चवीने वाचण्यासारखे आहे.

दुखापतीच्या आधी एक पायरी आहे, हमल्याची. हमल्यासाठी अंगाला बोटही लागावे लागत नाही. समोरच्याला आता आपल्यावर बळाचा वापर होणार असे वाटायला लावणारा हावभाव किंवा तयारी पुरते. उदाहरण म्हणून संहितेने एक माणूस उभा केला आहे, जो चावऱ्या कुत्र्याचे मुसके सोडू लागतो. कुत्रा अजून सुटलेला नाही, पण हमला झाला. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, पण हावभावाचा अर्थ शब्दांनी ठरू शकतो, ही सूक्ष्म नोंदही तिथेच आहे. काठी नुसती उचलणे निराळे आणि ‘आता झोडतोच तुला’ म्हणत उचलणे निराळे, हे गावच्या बांधावर कोणालाही पटेल.

जबर दुखापतीच्या व्याख्येत मात्र असा प्रसंग नाही, नुसती यादी आहे. आठच प्रकार, त्याबाहेरची इजा कितीही वाईट दिसली तरी जबर नाही. पुंस्त्वनाश, कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, कोणत्याही एका कानाचे ऐकू येणे कायमचे बंद होणे, अवयव किंवा सांधा गमावणे, त्याची शक्ती नष्ट किंवा कायमची कमी होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे. हे सहाही प्रकार परत न मिळणाऱ्या गोष्टींचे आहेत. सातव्याला कलम अचानक कायमपणाची अट सोडून देते. हाड किंवा दात मोडणे, निखळणे. हाड जुळते, प्लास्टर निघते, माणूस कामाला लागतो, तरी इजा जबरच. इथे कलमाने काय उरले हे न पाहता काय भोगले हे पाहिले, असे मला वाटते. हाड आरपार मोडायलाच हवे असेही नाही. होरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाडाला गेलेली चीरसुद्धा अस्थिभंगात धरली.

आठवा प्रकार या यादीचा प्राण आहे. जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत, किंवा जिच्यामुळे ठरावीक दिवस तीव्र वेदना होतात अथवा नेहमीचे व्यवहार करता येत नाहीत अशी दुखापत. आधीच्या सात ओळी शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या वाटतात, ही थेट घरात शिरते. पहाटे दूध घालणाऱ्याचे नेहमीचे व्यवहार वेगळे, शिलाई मशीनवर बसणारीचे वेगळे. तोच मुका मार एकाला दोन दिवसांत सोडतो, दुसरीला महिनाभर मशीनपासून दूर ठेवतो.

दंड संहितेचा 1837 चा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाला इथली अडचण ठाऊक होती. किरकोळ आणि गंभीर यांच्यामधली रेघ अगदी अचूक ओढणे अशक्य आहे, पण खुनाच्या जवळ जाणारी मारहाण आणि थट्टामस्करीतला फटका एकाच दावणीला बांधण्यापेक्षा ओबडधोबड रेघ बरी, अशा आशयाचे त्यांनी मसुद्यासोबत लिहून ठेवले. ती रेघ वीस दिवसांवर ओढली गेली. फ्रान्सच्या 1810 च्या दंडसंहितेतही वीसच दिवस होते. नव्या संहितेने ते पंधरा केले. मला हा बदल पटतो, कारण हातावर पोट असणाऱ्याला पंधरा दिवसांचा खाडाही पुष्कळ झाला. पुराव्याची अडचण मात्र तशीच आहे. तेवढे दिवस इस्पितळात पडून राहिल्याचा कागद एकटा पुरत नाही. वेदना तीव्र होती किंवा व्यवहार बंद पडले होते, हे सिद्ध करावे लागते. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे निघतो, या दिवसांचा निघत नाही.

मारले कशाने, यावरूनही गुन्हा वर चढतो. भोसकण्याचे, कापण्याचे हत्यार, आग, विष, दाहक पदार्थ, एवढेच काय, एखादा प्राणीही या यादीत आहे. अशा साधनाने जबर दुखापत केली तर जन्मठेपेपर्यंत मजल जाते. दगडाचे काय? मथाई विरुद्ध केरळ राज्य या 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठरलेले असे घातक हत्यार नसतेच. आकार, धार, वापर पाहावा लागतो. दगडाचा आकार पाहून न्यायालयाने त्या खटल्यातला गुन्हा खालच्या कलमात आणला. दातांची गोष्ट त्याहून गमतीची आहे. दात तुटला तर जबर दुखापत, पण माणसाचा दात हे घातक हत्यार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ठरवले. चावा घेतल्याच्या एका प्रकरणात 2025 च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तोच मार्ग धरला.

मनाचा हिशेब अजून उरतो. जबर इजा नुसती घडून भागत नाही. ती करण्याचा इरादा तरी हवा, किंवा ती होण्याचा संभव आहे ही जाणीव तरी. रागाच्या भरात दिलेल्या चापटीने कोणी तोल जाऊन पडला आणि खुबा मोडला, तर हाड मोडू शकते ही जाणीव मारणाऱ्याला होती का, इथे खटला अडतो. याच्या उलट बाजूचे उदाहरण संहितेने स्वतः दिले आहे. चेहरा कायमचा विद्रूप करायचा म्हणून एकाने तडाखा दिला, चेहरा बचावला, पण समोरचा ठरावीक दिवस तीव्र वेदनेत राहिला. इरादा यादीतल्या सहाव्या प्रकाराचा होता, इजा झाली आठव्या प्रकारची. तरी गुन्हा जबर दुखापतीचाच धरला जातो. नव्या संहितेत हे उदाहरण तसेच ठेवले आहे, फक्त विसाच्या जागी पंधरा दिवस आले आहेत.