उधळ्या मुलाची गोष्ट, कातकरीत

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा, मराठीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोकणच्या बोलींमध्ये ठाकरी आहे, कातकरी आहे. चौक परिसरात, इर्शाळगडाच्या आसपासच्या वाड्यांवर राहणाऱ्या लोकांच्या या बोली. त्यांची नोंद घेतली म्हणून आपण त्या ग्रंथाचे ऋणी आहोत.

पण नमुन्याची पद्धत पाहा. सर्वेक्षणाने प्रत्येक भाषेकडून बायबलमधली एकच गोष्ट मागितली. बाप दोन मुलांना इस्टेट वाटून देतो आणि धाकटा ती उधळतो. तुलनेसाठी सामाईक मजकूर लागतो, हे मान्य. जोडीला एखादा स्थानिक उतारा घ्यावा, अशीही योजना होती. तरी ज्यांच्याकडे वाटायला इस्टेटच नव्हती, त्यांच्या बोलीची परीक्षा इस्टेटीच्या गोष्टीवर झाली. खैरापासून काथ काढणारे हे लोक, जंगलावर सरकारी बंधने आल्यावर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेले. मध, मासे, खेकडे, कंद यांबद्दल त्यांची बोली काय म्हणते, हे त्या गोष्टीतून कळणार नाही. कळेल ते एवढेच, की बोली मराठीपासून किती लांब आहे.

दुसऱ्याच्या मापाने भाषा कशी दिसते, हे पाहायला सेनेगल नदीकाठची पुलार घ्या. आपण अनेकवचन शब्दाच्या शेवटी करतो: घोडा, घोडे. पुलारमध्ये शब्दाची सुरुवातही बदलते: एक 'पुल्लो', अनेक 'फुल्बे'. नामांचे वर्ग वीसहून जास्त. आपली तीन लिंगे घेऊन गेलो, तर हा सगळा गोंधळच वाटेल. तिथले लोक मात्र स्वतःला 'हालपुलारेन' म्हणवतात, म्हणजे पुलार बोलणारे. सेनेगलच्या २००१च्या राज्यघटनेत ती राष्ट्रीय भाषा म्हणून नावानिशी नोंदलेली आहे. आपल्याकडे कातकरी हे नाव धंद्यावरून पडले आणि धंदा गेल्यावरही चिकटून राहिले.

दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेलेले मूल पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परत येते. वर्गात ते बोलले की आपण 'अशुद्ध' म्हणतो. माप तेच, मराठीपासूनच्या अंतराचे. ग्रिअर्सनना निदान तुलना करायची होती. शाळेला मूल बोलते करायचे आहे. तिने आधी एवढेच विचारावे, 'तुमच्याकडे खेकडे कसे धरतात?' आणि उत्तर त्या मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे.