बेटावर अडकलेले शब्द

चकली-करंजीच्या ताटाशेजारी कोणी व्याकरण वाढले, तर वाचकांच्या कपाळाला आठ्या पडणारच. पण ज्या ग्रंथाविषयी मी लिहिणार आहे तो व्याकरणाचा असूनही रुक्ष नाही. जॉन रॉबर्ट रॉस या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ साली एमआयटी या संस्थेत पदवीसाठी एक प्रबंध सादर केला. छापील पुस्तकाच्या रूपाने तो १९८६ साली 'इन्फिनिट सिंटॅक्स' या नावाने निघाला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. भाषाशास्त्राची परिभाषा माझी नव्हे. पण सकाळी वर्गात इंग्रजी शिकवायचे आणि रात्री मराठीत कादंबरी लिहायची, असा दोन्ही बाजूंनी वाक्यांशीच माझा संसार आहे. त्या नात्याने या ग्रंथाविषयी चार शब्द लिहितो.

नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली मांडलेला एक विचार या प्रबंधाच्या मुळाशी आहे. वाक्य म्हणजे दोरीवर वाळत घातलेली शब्दांची रांग नव्हे. एका रचनेतून दुसरी रचना नियमाने निघते, आणि ती निघताना शब्द जागा बदलतात. 'रामा एट अ मँगो' या विधानाचा प्रश्न करा. मँगोच्या जागी 'व्हॉट' येतो, पण तेथे बसून राहात नाही. तो उठून थेट वाक्याच्या तोंडाशी जातो: 'व्हॉट डिड रामा ईट?' हा प्रवास कितीही लांबचा असू शकतो. 'व्हॉट डू यू थिंक दॅट गोविंद सेड दॅट रामा एट?' या वाक्यात बिचारा 'व्हॉट' तीन क्रियापदे ओलांडून पुढे आला आहे, तरी इंग्रजी कानाला ते खटकत नाही.

मग कोठूनही कोठेही जाता येते काय? येथेच रॉस यांची खरी कामगिरी सुरू होते. 'यू मेट द मॅन हू बॉट अ हॉर्स' हे वाक्य घ्या. त्यातल्या घोड्याविषयी विचारायचे म्हणून 'व्हॉट डिड यू मीट द मॅन हू बॉट?' असे म्हणून पाहा. अंतर पहिल्यापेक्षा कमीच, पण वाक्य कोलमडले! 'रामा एट राइस अँड फिश' यातल्या माशाविषयी 'व्हॉट डिड रामा ईट राइस अँड?' असेही कोणी इंग्रज विचारणार नाही. अशा जागांना रॉस यांनी 'बेटे' म्हटले. बेटावरच्या शब्दाला पलीकडे न्यायला होडी मिळत नाही. चॉम्स्की यांनी आधी सुचविलेला एक सरसकट निर्बंध कोठे फार कडक आणि कोठे फार सैल पडतो, हेही रॉस यांनी दाखवून दिले. गुरूच्या पायाशी बसून गुरूचे माप तपासणारा असा शिष्य विरळा.

हीच परीक्षा आपल्या मराठीवर करून पाहण्यात मौज आहे. 'रामाने भात आणि काय खाल्ले?' हा प्रश्न आपण रोज पंगतीत विचारतो. 'काय विकत घेणाऱ्या माणसाला तू भेटलास?' हेही चालून जाते. कारण मला असे दिसते, की आपला 'काय' घर सोडून जातच नाही. जो प्रवासाला निघत नाही त्याला नदी आडवी येत नाही. पण मराठी शब्द प्रवासाला निघाले, की त्यांनाही बांध लागतो. 'आमटी रामाने भात आणि खाल्ली' असे म्हणा पाहू! म्हणजे बेटे आपल्याकडेही आहेत. फरक आहे तो प्रवाशांत.

रॉस यांचा आणखी एक शब्द बालगोपाळांनाही आवडेल. 'टु हूम डिड यू गिव्ह द बुक?' येथे 'हूम' निघाला तसा 'टु'ही त्याच्यामागे निघाला. हॅमेलिन गावच्या बासरीवाल्यामागे मुले गेली, त्या गोष्टीवरून या प्रकाराला इंग्रजीत नाव मिळाले आहे. इंग्रजीत 'टु' मागे राहिला तरी चालतो. आपला 'ला' मात्र 'कोणा'चा हात कधी सोडीत नाही.

आता दोष. कोणते वाक्य चालते आणि कोणते नाही, याचा निवाडा ग्रंथात बहुतांशी अभ्यासकाच्या कानावर सोपविलेला आहे. आणि कानाकानांत फरक असतो. शिवाय नियमांना गळती आहे. 'व्हॉट डिड ही गो टु द मार्केट अँड बाय?' हे 'अँड'चे बेट असूनही इंग्रजीत चालते, कारण जाणे आणि घेणे मिळून एकच काम आहे. असे अपवाद रॉस यांनी स्वतः नोंदविले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण मग अर्थाला दाराबाहेर उभे करून नुसत्या रचनेचे शास्त्र कितपत टिकेल? डॅनिश आणि स्वीडिश भाषांत इंग्रजीला बंद असलेल्या काही वाटा मोकळ्या असल्याचे पुढे दिसून आले. चॉम्स्की यांनी १९७३ साली हे निर्बंध एका सूत्रात बांधू पाहिले. दुसरे कित्येक म्हणतात की हा सारा स्मरणशक्तीवरच्या ओझ्याचा प्रश्न आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

तरीही या ग्रंथाने एक मोठा प्रश्न आपल्या पदरात टाकला आहे. 'व्हॉट डिड रामा ईट राइस अँड?' असे म्हणू नकोस, हे इंग्रज आई मुलाला कधीच सांगत नाही. तरी मूल तसे म्हणत नाही. न शिकविलेले हे ज्ञान आले कोठून? आणि उलट बाजूने पाहा. आपले मूल 'आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम' असे लिहिते. सरळ प्रश्नात 'इज' पुढे येतो, पोटवाक्यात तो जागेवरच राहतो, हा भेद शालेय पुस्तके नीट सांगत नाहीत. त्यांत शब्द कोठे न्यावा ते असते, कोठे नेऊ नये ते नसते. मग ते मूल हाती लागलेला एकच नियम इमानाने सगळीकडे लावते. त्याला आपण निष्काळजी म्हणतो, आणि परीक्षेत त्याचे गुण जातात. ती चूक निष्काळजीपणाची नसून नियम शोधणाऱ्या बुद्धीची आहे.

एवढे जरी हा ग्रंथ शिक्षकाच्या आणि घरोघरच्या आईबापांच्या ध्यानी आणून देऊ शकला, तर त्याचे काम झाले. मुलाच्या चुकीखाली लाल रेघ जरूर ओढावी. पण ते मूल कोणत्या वाटेने तेथवर आले, ते आधी पाहावे.