सात दिवस आणि सगळं आयुष्य

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

प्रास्ताविकात माझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं सोडून द्या. थेट विषयावर येतो. विषय दिलाय 'तरुण आणि सेवा'. या विषयावर कुणी बोलायला उभं राहिलं की समोरच्या पोरांचे चेहरे पडतात, कारण पुढचं त्यांना पाठ असतं. मोबाइल कमी करा, समाजाचं देणं फेडा वगैरे. मी ते बोलणार नाही. मला आज एका पुस्तकाबद्दल आणि एका शिबिराबद्दल बोलायचंय. दोघांनी मिळून आपल्या पोरांची पंचाईत करून ठेवलीय, असं माझं म्हणणं आहे.

पुस्तक म्हणजे डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. २००९ साली आलं. किती जणांनी वाचलंय? बरेच हात दिसतात. आणि सिनेमा, नाना पाटेकरांचा, २०१४ चा? हां, आता सगळेच. (हशा)

पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगतो. सेवेवरच्या आपल्या पुस्तकांत एक चिकट गोडवा असतो, तो यात नाही. नागपूरचं सर्जरीचं शिक्षण सोडून हा माणूस भामरागडच्या जंगलात हेमलकशाला जातो. सोबत भूलतज्ज्ञ असलेल्या मंदाताई. माडियांची भाषा येत नाही, वीज नाही, माणसं जवळ यायला घाबरतात. हे सगळं शेजारी बसून सांगावं तसं सांगितलंय. बढाई नाही, आणि रडगाणंही नाही.

मग तक्रार कशाची? वाचून झाल्यावर वाचकाच्या हातात काय उरतं, त्याची. मी बऱ्याच पोरांना विचारून पाहिलंय. लक्षात राहते ती बनियन आणि अर्धी चड्डी. लक्षात राहतो बिबट्या. पण हेमलकसा काही दोन माणसांनी चालवलं नाही. बाबांच्या हाकेला, सोमनाथच्या श्रमशिबिरांतून किंवा नुसतं पाहायला म्हणून आलेली पोरं तिथे राहिली. शाळा, शेती, बांधकाम, औषधांचा साठा, कागदपत्रं अशी कामं त्यांनी ओढली. पुस्तकात ती भेटतात, लेखक त्यांची कृतज्ञतेने नावंही घेतो. पण गोष्टीत ती कडेलाच उभी राहतात. विलास मनोहर पुण्याहून आले आणि तिथलेच झाले. त्यांनी 'नेगल' लिहिलं, तर तेही आपण प्राण्यांचं पुस्तक म्हणून वाचलं. एक शहरी माणूस दुसऱ्याच्या कामात आयुष्य कसं लावतो, त्याचं रोजचं कसं चालतं, हे त्यातून कुणी शोधलं नाही. हेमलकशाचा पहिला छोटा दवाखाना उभा राहिला तो स्वित्झर्लंडहून आलेल्या मदतीवर. हे वाचलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याग लक्षात राहतो, जमाखर्च राहत नाही.

यात लेखकाचा दोष कमी आणि आपल्या वाचण्याचा जास्त. संतांची चरित्रं वाचून वाढलेली माणसं आपण, त्यामुळे कार्यकर्त्याच्या चरित्रातही चमत्कारच धुंडाळतो. आनंदवनाचे १४ रुपये आणि ती लंगडी गाय सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच आनंदवनात १९५० च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे परदेशी तरुण येऊन राहिले, त्यांनी बांधकामाला हात लावला, हे किती जणांना माहीत आहे? ते आयुष्य वाहून टाकायला आले नव्हते. आले, राहिले, काम पुरं केलं, गेले. गोऱ्या पोरांना कुष्ठरोग्यांसोबत जेवताना पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीती ढिली पडली, असं सांगतात. म्हणजे ठरावीक मुदतीच्या माणसांनी एवढं मोठं काम केलं, आणि आपल्या गोष्टीत त्यांना एक ओळही नीट मिळाली नाही.

आता दुसरं टोक. शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना, आपली रासेयो. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि एका विशेष शिबिराला सात दिवस जायचं. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे चोवीस तास, अशी त्याची फोड सांगतात. बिल्ला चोवीस तासांचा आणि हजेरीपट २४० तासांचा, इथूनच गंमत सुरू होते.

मी स्वतः शिबिर केलंय, म्हणून बोलायचा हक्क घेतो. दत्तक गाव, शाळेत मुक्काम. सकाळी प्रभातफेरी आणि श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. आयुष्यात पहिल्यांदा पन्नास जणांच्या भाजीसाठी कांदे चिरले, पहिल्यांदा दुसऱ्या जातीच्या पोराच्या ताटात जेवलो. ही कमाई लहान नाही. शिबिराला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण आम्ही बांधलेला वनराई बंधारा! सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, नाल्यात रचल्या, फोटो काढला. महिना जानेवारीचा. नाल्यात टिपूस नाही. इथे शेतकरी बसलेत, त्यांना सांगायला नको. वनराई बंधारा घालायचा असतो पाऊस उघडल्यावर, नाला वाहता असताना. आश्विन-कार्तिकात घातला तर विहिरीला दोन-तीन महिने जास्तीचं पाणी. आणि गोण्या एका हंगामाच्या, दरवर्षी नव्याने घालावा लागतो. पण कॉलेजची सहामाही परीक्षा, सुट्ट्या, अनुदान यांचा मेळ बसतो हिवाळ्यात. म्हणून बंधारा हिवाळ्यात. शिवाय आश्विनात आमच्यातले निम्मे सोयाबीन काढायला शेतात असतात, ते वेगळंच. समारोपाला पाहुणे म्हणाले, तुम्ही गावाला पाणी दिलं. गावातला एक म्हातारा मागे बसून हसत होता. ते हसू मी अजून विसरलो नाही.

त्या बंधाऱ्याचं पुढे काय झालं, हे पाहायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. मीही नाही. सातवा दिवस संपला की काम संपलं, वाढीव गुणांची नोंद झाली.

म्हणजे विशीतल्या पोरासमोर दोन चित्रं आहेत. एक म्हणतं, सगळं आयुष्य दे. दुसरं म्हणतं, सात दिवस दे. त्याच्याजवळ खरं म्हणजे असतं एखादं वर्ष, फार तर दोन. बारावी आणि पुढचं काहीतरी यांच्यामधलं, पदवी आणि नोकरी यांच्यामधलं. ते वर्ष जातं कुठे? पहाटे पाच वाजता आपल्या या हायवेवर जाऊन बघा. सिंदखेडराजाकडे तोंड करून पोरं धावत असतात, पोलीस भरतीसाठी. ऊन चढलं की अभ्यासिका. दोन-दोन, चार-चार वर्षं. ही पोरं आळशी आहेत असं कुणी म्हणालं तर त्याला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात हिवरा आश्रमाला घेऊन जा. ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी येते, रांगाच्या रांगा जेवतात, आणि वाढणारी हीच आपल्या मेहकर-लोणारकडची पोरं. कुणी कुठे उभं राहायचं हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. काम नेमून दिलं की होतं. मग वर्षभराचं काम नेमून देणारं कुणी का नाही?

अगदीच नाही असं नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' सुरू केलं. त्यांची 'कर के देखो' नावाची वर्षभराची फेलोशिप आहे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत मराठी तरुणांसाठी केलेला हा सगळ्यांत विचारी प्रयोग. पण माझ्या पाहण्यात तिथे पोचणारं पोर बहुतेक डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर शहरात शिकलेलं. बीबीचा बी.ए. झालेला पोरगा तिथवर जाईल कसा? आणि गेला, तरी परत बीबीत काय करील?

करण्यासारखं आहे, भरपूर आहे. तिसरी-चौथीतल्या ज्या लेकरांना वाचता येत नाही, त्यांच्यासोबत संध्याकाळी तासभर बसणं. हे सात दिवसांत होत नाही. तेच माणूस सहा महिने रोज समोर दिसलं पाहिजे. निराधार योजनेची, केवायसीची कागदं घेऊन म्हाताऱ्या बायका लोणारला चकरा मारतात, त्यांच्यासोबत जाणं. बंधारा योग्य महिन्यात घालणं आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालणं. तुकडोजी महाराजांची सेवेची कल्पना याच जातीची होती, गाव सोडून न जाता गावातच करायची. तिथे अडचण एकच, नायक नाही. त्यावर सिनेमा निघत नाही.

आणि पैसे. इथे आपण सगळे गप्प होतो. तीन एकराच्या घरातलं पोरगं वर्षभर फुकट कसं राबेल? जर्मनीत तरुणांच्या 'सामाजिक वर्षा'चा कायदा १९६४ मध्ये झाला. फ्रान्समध्ये २०१० पासून सोळा ते पंचवीस वयाच्या पोरांना सहा महिने ते वर्षभराच्या सेवेला सरकार दरमहा भत्ता देतं. पगार नव्हे, खर्चापुरता. आपल्याकडे पैशाचं नाव काढलं की सेवा बाटते म्हणतात. असं म्हणणाऱ्याचं पोट बहुधा भरलेलं असतं.

याच्या उलट फसवणूकही आहे बरं का. आपल्या गावात सगळ्यांत लांब पल्ल्याची सेवा कोण करतं? आशाताई. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून. रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जातात. सरकारी कागदावर त्यांचं नाव काय? 'आशा स्वयंसेविका'. स्वयंसेविका म्हटलं की पगार द्यावा लागत नाही, कामागणिक मोबदला दिला की झालं. वाढीव मानधनासाठी त्यांना २०२४ मध्ये आझाद मैदानावर बसावं लागलं. म्हणून मी जेव्हा भत्त्यासह एक वर्ष म्हणतो, तेव्हा मला स्वस्तातला तलाठी किंवा अर्ध्या पगारातला मास्तर नकोय. मुदत ठरलेली हवी, शिकवणारं माणूस हवं, आणि त्या पोराने कुणाची नोकरी भरून काढायची नाही, हे लिहिलेलं हवं.

हे ग्रामपंचायत करू शकेल की कॉलेज, की दोघं मिळून, याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. पण एक मागणी लेखकांकडे आहे, कारण मी मूळचा पुस्तकांचा माणूस. एक वर्ष काम करून घरी परत आलेल्या पोराचं किंवा पोरीचं पुस्तक मला वाचायचंय. काय जमलं, काय फसलं, किती पैसे लागले, घरचे काय म्हणाले. मराठीत असं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर मला जरूर सांगा.

थांबतो. मागे त्या निळ्या शर्टातल्या मुलाने मघापासून हात वर धरलाय, माइक आधी त्याच्याकडे द्या.