लंपनचा वनवास आणि आमची घरे

मायेने भरलेल्या घरातही मूल एकाकी असू शकते काय? प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ (१९९४) हा कथासंग्रह पुन्हा वाचताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुढील संग्रहांतूनही भेटणारा लंपन हा शाळकरी मुलगा. आईवडिलांपासून दूर, कानडी मुलखाला लागून असलेल्या एका गावी तो आजीआजोबांकडे वाढतो.

लंपनची कानडी वळणाची बोली, त्याचे अफाट आकडे आणि निरागस विनोद यांवर वाचक लुब्ध होतात, ते योग्यच आहे. परंतु त्या हास्यामागील व्यथा नजरेआड होऊ नये, असे आम्हांस वाटते. आजीची माया, आजोबांचा आधार, सुमीची मैत्री हे सारे त्याला लाभले आहे. तरीही लेखकाने संग्रहाला नाव दिले ते ‘वनवास’! निर्णय मोठ्यांनी घ्यावा आणि तो निभवावा मात्र मुलाने, हेच या वनवासाचे मर्म होय.

ही व्यथा लेखकाने स्वतः अनुभवलेली होती. इंदिरा संत आणि नारायण संत यांचा हा पुत्र आजोळी दत्तक गेला व भालचंद्र गोपाळ दीक्षित झाला. लेखनासाठी मात्र त्याने जन्मदात्या पित्याचेच नाव धारण केले. याहून बोलके भाष्य कोणते?

सारी कथा लंपनच्याच तोंडून येत असल्याने आईवडिलांचे मन आपणांस पुरते उलगडत नाही. ही उणीव म्हणावी, तर तीच या लेखनाची सचोटीही आहे. मुलालाही ते मन कोठे उलगडलेले असते?

आमच्या धर्मग्रामांतील कित्येक घरांतून वडील आखातात वा जहाजावर असतात, आई पहाटेची लोकल गाठते आणि मूल आजीच्या वा वसतिगृहाच्या स्वाधीन होते. पोटासाठी हे करावे लागते. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मूल गप्प आहे म्हणजे ते सुखात आहे, असे आपण किती सहज मानतो! आपल्याला दूर का ठेवले, हे त्याला कोणी जवळ बसवून सांगितले आहे काय? आजीने केलेली माया आईबापांच्या त्या दोन शब्दांची जागा घेऊ शकत नाही. लंपन आम्हांस हेच शिकवून जातो.