पडद्यावरील पाठ आणि कामाचे तास

यंत्राजवळील प्रात्यक्षिक व पडद्यावरील पाठ यांची सांगड पिंपरी-चिंचवडच्या उद्योगक्षेत्रात नवी म्हणून वाखाणली जाते. वस्तुतः १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या दहाव्या कलमातच प्रात्यक्षिकास तात्त्विक शिक्षणाची जोड दिलेली असून, त्या वर्गांचा वेळ सवेतन कामाचा भाग मानला आहे. नव्या पद्धतीचे प्रशंसक नेमकी ही तरतूद विसरतात. ‘भारत स्किल्स’ या शासकीय संकेतस्थळावरील पाठांतून फिटरला मायक्रोमीटर वाचण्याची रीत उमगेल. कानस किती दाबावी, हे मात्र निदेशकच हात धरून शिकवितो. तेव्हा दोन्ही हवीत, याविषयी वाद नाही. परंतु चाकणच्या उमेदवाराने पाळी सुटल्यावर खोलीवर, स्वतःच्या मोबाइलवर तो पाठ पाहावा अशी अपेक्षा असेल, तर त्या तासांची नोंद हजेरीपटावर कोण करणार?